साल विचारू नका, गॅस्केट लावून बघा

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या पुण्याहून हेडर घेऊन आला. पेपरात गुंडाळलेल्या, इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार चकचकीत नळ्या, पुढे एका तोंडात मिळालेल्या. विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "एस्टीमचाच आहे, डोळे झाकून लावा." पुतण्याची गाडी १९९७ची एस्टीम, कार्बोरेटरवाली. आमच्या गावी, सास्तूरला, घरापुढच्या लिंबाखाली बॉनेट उघडलं. जुनं बिडाचं मॅनिफोल्ड काढण्यात अर्धा दिवस गेला, त्यात एक स्टड मोडला. आणि हेडर हेडला टेकवला तर एकही भोक धड जुळेना.

विकणारा खोटं बोलला नव्हता. हेडर एस्टीमचाच होता, पण नंतरच्या एस्टीमचा. १९९४ला बाजारात आलेल्या एस्टीमला आठ व्हॉल्व्हचं, ६५ अश्वशक्तीचं कार्बोरेटर इंजिन होतं. पुढे १९९९-२०००च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचं, ८५ अश्वशक्तीचं एमपीएफआय इंजिन मिळालं. दोन्ही १२९८ सीसीची, दोन्ही सुझुकीच्या जी१३ घराण्यातली. पण एकात प्रत्येक सिलिंडरला धूर बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह, दुसऱ्यात दोन. व्हॉल्व्ह वाढले की हेड बदलतं, हेड बदललं की पोर्टचा आकार बदलतो आणि स्टडच्या जागाही सरकतात. डिकीवरचं नाव मात्र तेच राहतं. पुतण्याचे पैसे आणि आठवडा, दोन्ही त्या नावावर गेले.

आपल्याकडे जुन्या गाड्या भरपूर आहेत. त्यांचं बिडाचं मॅनिफोल्ड तडकलं की नवं लवकर मिळत नाही. मग सोलापूर, लातूर किंवा हैदराबादच्या जुन्या बाजारातून दुसऱ्या सालच्या गाडीचं आणायचं, नाहीतर आफ्टरमार्केट हेडर घ्यायचा, एवढेच दोन रस्ते उरतात. दोन्ही चालू शकतात. मात्र सुट्टा भाग विकत घेण्याच्या आधी करायची कामं आहेत, आणि ती सास्तूरला घरी बसून होतात.

पहिलं काम म्हणजे इंजिनाची ओळख पटवणं. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, इंजिन नंबरही असतो. सुझुकीच्या पेट्रोल इंजिनांत नंबराच्या सुरुवातीची अक्षरं इंजिनाचं घराणं सांगतात. पण आरसीवर भरवसा ठेवून थांबू नका. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचं इंजिन मधे कधीतरी बदललेलं असू शकतं. टॉर्च घेऊन ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वतः वाचा, कापडानं पुसून त्याचा फोटो काढा. तो आरसीशी जुळत नसेल तर हेडरचा विचार बाजूला ठेवून आधी कागद नीट करायला हवेत.

साल किती फसवतं ते आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटेल. एप्रिल २०१०मध्ये प्रदूषणाचे बीएस-४ निकष देशातल्या निवडक १३ शहरांत लागू झाले, त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. बाकी देशात त्या वर्षी बीएस-३ आलं, आणि बीएस-४ सगळीकडे सक्तीचं व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. म्हणजे २०१२ सालच्या एकाच नावाच्या दोन गाड्या घ्या. एमएच १३ पासिंगची सोलापूर शहरातली गाडी बीएस-४ असणार, एमएच २५ची आपली धाराशिवची बीएस-३ असू शकते. दोघींच्या धुराच्या वाटेवरचा कन्व्हर्टर, सेन्सरची संख्या आणि सेन्सरची जागा वेगळी निघू शकते. "माझी बी बाराचीच हाय" हे वाक्य इथं कामाचं नाही.

दुसरं काम साचा काढण्याचं. मॅनिफोल्ड एकदा उतरवलं की त्याचं हेडकडचं तोंड पुसून स्वच्छ करा, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि जाड पुठ्ठ्यावर दाबून ठसा घ्या. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा याला फार चांगला, कडकही असतो आणि कापलाही जातो. ठशाप्रमाणे पोर्ट आणि स्टडची भोकं ब्लेडनं कापा. मग तोच पुठ्ठा हेडच्या स्टडवर चढवून बघा. तो अलगद बसला तर साचा बरोबर. मॅनिफोल्ड काढायचं नसेल तर आपल्या इंजिनाचं नवं गॅस्केट विकत आणा. ते स्वस्त मिळतं आणि पुढे लागणारच असतं. तो साचा किंवा ते गॅस्केट पिशवीत घालून बाजारात न्या आणि दुकानातच हेडरच्या फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या पट्टीवर, ठेवा. भोकं जुळली, पोर्टच्या कडा जुळल्या, तरच पुढची बोलणी. दुकानदार लावून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

पोर्ट बघताना एक बारकावा लक्षात ठेवा. हेडरच्या नळीचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं असलं तर चालतं. लहान असेल तर धुराच्या वाटेत कड उभी राहते, वेगानं येणारा गरम वायू तिथं आदळतो. थोडंसं कमी असेल तर कानस लावून भागतं. तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर तो हेडर तुमच्या इंजिनाचा नाही.

हेडची बाजू जुळली की मला लोकांचा उत्साह दिसतो आणि काळजी वाटते, कारण खरी अडचण दुसऱ्या टोकाला असते. जी१३बीबी हे सोळा व्हॉल्व्हचं इंजिन एस्टीममध्ये होतं, २००० नंतरच्या जिप्सी किंगमध्ये होतं, व्हर्सात होतं, २००५ला आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. पण जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं आहे आणि चाकांना जोर मागे जातो. एस्टीम-स्विफ्टमध्ये ते आडवं. जिप्सीचा हेडर एस्टीमच्या हेडला बसेलही, पण त्याचं खालचं तोंड अशा दिशेला निघेल जिथं एस्टीममध्ये सायलेन्सरचा पाइपच नाही. मग वेल्डिंगवाल्याकडे नळी कापा, वळवा, जोडा हे सत्र सुरू होतं आणि प्रत्येक जोडागणिक गळतीची एक जागा वाढते. म्हणून जुन्या बाजारात उभे असतानाच विचारा, हा कोणत्या गाडीतून उतरला? मग तोंड कुठं जातं, फ्लँज दोन बोल्टचा की तीन बोल्टचा, आणि आपल्या पुढच्या पाइपाशी तो मिळतो का, हे बघा.

आडव्या इंजिनाच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की इंजिन माउंटिंगवर पुढे-मागे डुलतं. कंपनीनं त्यासाठी पुढच्या पाइपात स्प्रिंगचे बोल्ट आणि गोल रिंगचा हलता जोड, नाहीतर जाळीची लवचीक नळी दिलेली असते. हेडर लावताना पुष्कळ मिस्त्री हा जोड काढून सरळ वेल्डिंग मारतात. दोन महिन्यांत नळी फ्लँजच्या मुळाशी तडकते, आणि दोष हेडरच्या मालाला दिला जातो. हलता जोड कोणत्याही परिस्थितीत जिवंत ठेवा.

नळी तडकण्याचं दुसरं कारण उष्णता. अर्धा मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ५०० अंशांनी तापली की साधारण ४ मिलिमीटरनं लांबते, साध्या लोखंडाची ३ मिलिमीटरनं. चार नळ्या, चौघींच्या लांब्या वेगळ्या, आणि चौघी एकाच पट्टीत जखडलेल्या. गाडी चालू-बंद होताना हा ताण रोज येतो-जातो. बिडाचं मॅनिफोल्ड जाड भिंतीचं असल्यामुळे ते वर्षानुवर्षं सोसतं. हेडरच्या नळीची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास असते, तिला ते सोसवण्यासाठी वेल्डिंग सलग आणि आतपर्यंत गेलेलं लागतं. विकत घेताना नळीच्या आत बोट घालून बघा. वेल्डिंगचे थेंब आत लोंबत असतील, बाहेर ठिपक्याठिपक्यांचे टाके असतील, तर कितीही चकचकीत दिसू दे, तो परत ठेवा. फ्लँजची पट्टी आठ-दहा मिलिमीटर जाड हवी, पातळ पट्टी पहिल्याच तापात वाकते.

पट्टी सपाट आहे का हे तपासायला लेथवाल्याकडची सरळ पट्टी आणि फिलर गेज पुरे. फ्लँजवर पट्टी आडवी-तिरपी ठेवायची, खाली ०.१० मिलिमीटरचं पान घालून बघायचं. पान सैल सरकलं तर फ्लँज वाकडा आहे. उमरगा, लातूर किंवा सोलापूरला लेथवाला तो फेसिंग करून देईल. मात्र नळ्या वेल्ड झाल्यानंतरच फेसिंग करा, आधी केलेलं फेसिंग वेल्डिंगच्या तापात वाया जातं.

आता सेन्सर. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत हा प्रश्न नसतो, एमपीएफआयमध्ये सगळा खेळ त्याच्यावर चालतो. धुराच्या वाटेत बसलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल जास्त जळतंय की कमी. तो साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याला इंजिनापासून फार लांब नेऊ नका. चारही नळ्या एकत्र आल्यानंतरच्या जागी तो बसवा. एकाच नळीत बसवला तर तो एकाच सिलिंडरची खबर देणार आणि कॉम्प्युटर ती चौघांना लावणार. सेन्सरचं टोक खाली पाणी साचेल असं झुकतं ठेवू नका, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधे वरच्या बाजूनं तो नळीत उतरला पाहिजे. आटे बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे असतात. हेडरवर त्या मापाची बोळी आधीच वेल्ड केलेली आहे का, ते बघून घ्या.

सेन्सरच्या आधी कुठंही बारीक गळती असली तर तिथून धूर बाहेर जातोच, शिवाय दाब कमी होण्याच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि जास्त पेट्रोल सोडतो. हेडर लावल्यापासून ॲव्हरेज पडलं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी गॅस्केटकडे बघावं.

गळती बुजवायला मिस्त्री सिलिकॉनची ट्यूब काढतो, तिथं हात धरा. हेडच्या फ्लँजवर ते जळून जातं, आणि सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला कायमचं निकामी करते. त्या जागी नवं गॅस्केटच लागतं. जुनं गॅस्केट पुन्हा वापरून पन्नास-शंभर रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

काढण्या-बसवण्याचं काम घाईचं नाही. जी मालिकेच्या सुझुकी इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि स्टड लोखंडी. वीस वर्षांत ते एकमेकांना धरून बसलेले असतात. आदल्या रात्री प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा. नट अर्धा फेरा सैल करा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा सैल करा. सरळ जोर लावला की मोडलाच. आमचा मोडला तो असाच, पुतण्यानं पान्याला पाइप लावला म्हणून. हेडमध्ये मोडलेला स्टड घरी ड्रिल करून काढू नका. ड्रिल लोखंडावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि मग हेडच उतरवावं लागतं. चांगला लेथवाला मोडक्या स्टडवर नट वेल्ड करून गरम असतानाच अलगद फिरवून काढतो. आम्ही ते उमरग्याला करून घेतलं. त्याचं काम बघताना माझा श्वास अडकला होता, आणि स्टड फिरला तेव्हा पुतण्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बसवताना आधी सगळे नट हातानं टेकवा. मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, एकदा डावा एकदा उजवा, दोन-तीन फेऱ्यांत आवळत जा. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. गाडी तापून पूर्ण थंड झाली की पुन्हा एकदा आवळा, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत. तापलेल्या इंजिनावर पाना लावू नका.

गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर फक्त दोन-चार टाके गाडीवर मारा, मग पाइप उतरवून खाली सलग वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढायला हव्यातच, नाहीतर कॉम्प्युटर जायचा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. दोन मजबूत घोड्या लावा आणि चाकाला दगड द्या. अंगणातली काळी माती वरून टणक वाटते, पण जॅक तिच्यात रुततो. खाली जाड फळी हवी.

हेडर बसल्यावर इंजिन चालू करायच्या आधी हातानं चाचपून बघा. नळी आणि वायरिंग, ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, रबरी बूट यांच्यात किमान दोन बोटांचं अंतर हवं. मग इंजिन चालू करून एकानं ब्रेक दाबून धरत क्लच अर्धा सोडावा आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघावं, इंजिन डुलल्यावर नळी कुठं टेकते का. कंपनीचा पत्र्याचा हीट शील्ड हेडरवर बसत नाही म्हणून फेकून देतात, तो फार मोठा धोका आहे. नवा पत्रा कापून घ्या. खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे तेही मोजा. सास्तूरहून माकणीकडे किंवा आडवाटेनं शेतात जाणारी गाडी आहे ही, जिथं चाकोरीच्या मधली माती गाडीच्या पोटाला लागते. आणि सोयाबीनच्या काढणीनंतर गुळीवर, किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करू नका. तापलेल्या नळीखाली वाळलेलं काड पेटायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर निघतो, तो नळीवरच्या तेलाचा. दहा मिनिटांत थांबतो. थंड इंजिनाला टिकटिक असा आवाज येऊन तापल्यावर तो बंद होत असेल तर फ्लँजला गळती आहे, तापून फुगल्यावर फट बुजते एवढंच. गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली की जागा सापडली. कार्बोरेटरच्या गाडीत आठवड्यानं प्लग काढून बघा. बदामी रंग चांगला. पांढरा पडला तर मिश्रण पातळ झालंय, जेट आणि ट्यूनिंग बघावं लागेल.

कोणत्या गाडीत हेडर लावूच नये, तेही सांगतो. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकमेकांना लागून, काहींत एकाच तुकड्यात असतात. हेडर लावणं म्हणजे तिथं कन्व्हर्टर काढून टाकणंच. होंडाच्या २००६च्या सिव्हिकसारख्या काही इंजिनांत तर चारही वाटा हेडच्या पोटातच एक होतात, बाहेर एकच तोंड येतं, तिथं चार नळ्यांचा हेडर लावायला जागाच नाही. बोलेरो, सुमोसारख्या टर्बो डिझेलमध्ये मॅनिफोल्डवर टर्बोचं वजन असतं, तिथं पातळ नळ्या घालू नका. कन्व्हर्टर कधी काढावा लागलाच तर तो मिस्त्रीकडे सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याला भंगारातही चांगला भाव आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच अधोरेखित केलं. मोठा बदल करायचा असेल तर आधी धाराशिवच्या आरटीओत विचारा. सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणाऱ्या कट-आउटला कलम १९४ एफखाली पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग कलम १९०(२)मध्ये येतो, तिथं दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-२च्या आधीच्या पेट्रोल गाडीला ३ टक्के आहे, बीएस-२ आणि ३ला ०.५, बीएस-४ला ०.३. हेडर लावल्यावर लगेच नवी पीयूसी करा, तेवढ्यानं ट्यूनिंगही कळतं.

आवाजाबद्दल दंडापलीकडचं एक सांगायचं आहे. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, आणि सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. शिवाय हे गाव ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं हाललेलं आहे. ती पहाट पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. रात्री गल्लीतून घरघराट गेला की माझी आई आजही उठून बसते आणि आधी छताकडे बघते. म्हणून मी पुतण्याला एकच अट घातली होती. हेडर काहीही लाव, मागचा सायलेन्सर मूळ कंपनीचा राहील.

शेवटी हेडर लागलाच नाही. पुठ्ठ्याचा साचा खिशात घालून आम्ही लातूरला गेलो आणि एका भंगारवाल्याच्या ढिगातून आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाचं बिडाचं मॅनिफोल्ड शोधून काढलं. ढिगात तशी सहा-सात होती. साचा पाचव्यावर बसला. फेसिंग, नवं गॅस्केट, नवे नट. पहिल्यांदा सेल मारला तेव्हा पुतण्या कान लावून खाली बसला होता. टिकटिक आली नाही. सोळा व्हॉल्व्हचा तो हेडर त्यानं एका जिप्सीवाल्याला दाखवला आहे, पण देण्याआधी जिप्सीचं गॅस्केट मागवून घेतलं आहे.